इतिहासाच्या शिक्षकाला परतीचा दिवस द्या

१४ सप्टेंबर १७६९ च्या ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये एक जाहिरात आहे. आल्बेमार्ल काउंटीतून सँडी नावाचा गुलाम पळाला आहे. वय अंदाजे पस्तीस, ठेंगणा, अंगाने सुटत चाललेला, वर्ण उजळ. धंद्याने मोची, आणि काम मुख्यतः डाव्या हाताने करतो. जाडेभरडे सुतारकाम येते, घोड्यांचीही जाण आहे. दारू फार पितो, प्यायला की उर्मट होतो, बोलण्यात शिव्या, वागण्यात कावेबाज. जाताना एक पांढरा घोडा नेला आहे आणि मोचीकामाची हत्यारेही. काउंटीतच धरून दिल्यास ४० शिलिंग, वसाहतीत इतरत्र सापडल्यास ४ पौंड, दुसऱ्या वसाहतीत सापडल्यास १० पौंड. खाली नाव आहे थॉमस जेफरसन. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे सात वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारा तोच.

अमेरिकेतला पाचवीचा किंवा आठवीचा शिक्षक हा कागद वर्गात नेतो, तेव्हा पुढच्या पंचेचाळीस-पन्नास मिनिटांत कागदाचे काय होते? शिक्षकाला मिळालेल्या प्रशिक्षणाची खरी परीक्षा तिथे होते. एरवी दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर कागद पडद्यावर झळकतो, ‘बघा, जेफरसन किती दुटप्पी’ असे वाक्य येते आणि तास पुढे सरकतो. नाही तर ‘आपण सँडी आहोत असे समजून रोजनिशीचे एक पान लिहा’ असा स्वाध्याय मिळतो. पहिल्या प्रकारात मुलांनी काही वाचलेलेच नसते. दुसऱ्या प्रकारात ती वाचतात, पण लिहितात ते मनाचे. शिवाय ज्याचा स्वतःचा एकही शब्द उरलेला नाही त्या माणसाच्या तोंडी आपण आपले शब्द घालतो, हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

वास्तविक कागद बोलका आहे. ४० शिलिंग म्हणजे २ पौंड. मग बक्षीस झाले २, ४ आणि १० पौंड. अंतराबरोबर रक्कम चढते, म्हणजे सँडी व्हर्जिनियाच्या हद्दीपलीकडे पोहोचू शकतो ही धास्ती मालकालाच होती. हत्यारे बरोबर नेली, म्हणजे पोटापाण्याची सोय बघून गेला. तेही मालकच सांगतो. ‘कावेबाज’ हे मालकाचे गाऱ्हाणे. दुसऱ्या बाजूने वाचले तर तेच हुशारीचे प्रमाणपत्र ठरते. इतके तर पाचवीतल्या मुलाकडूनही काढून घेता येते. मात्र त्यासाठी शिक्षकाने हा कागद आधी स्वतः तसा वाचलेला हवा, एकदा वर्गात नेऊन फसलेला हवा आणि फसला कुठे ते कोणाबरोबर तरी बसून तपासलेले हवे. सध्याच्या प्रशिक्षणात यातली पहिली पायरी असते. उरलेल्या दोन जवळजवळ नसतातच.

म्हणून मागणी साधी आहे. प्रशिक्षणाचा वेळ आणि पैसा उन्हाळ्यातल्या एका झगमगीत आठवड्यावरून काढून शाळेच्या वर्षात पसरवा. शिक्षकाने एक कागद शिकावा, शिकवावा, मुलांनी लिहिलेली पाने घेऊन परत यावे आणि तोच कागद दुसऱ्यांदा शिकवावा.

उन्हाळी वर्गांची थोरवी नाकारायची नाही. व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या वसाहतकाळच्या संग्रहालय-गावाची शिक्षक-शिबिरे १९९० पासून चालतात. न्यूयॉर्कची गिल्डर लेहरमन संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली आणि तिची चर्चासत्रे नावाजलेली आहेत. राष्ट्रीय मानव्यविद्या निधीचे ऐतिहासिक स्थळांवरचे आठवडाभराचे वर्ग असत. स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली ते लेक्सिंग्टनचे त्रिकोणी मैदान डोळ्यांनी पाहिलेला शिक्षक वेगळा शिकवतो, हेही खरे. अडचण पंचांगाची आहे. शिबिर जुलैमध्ये, शाळा उघडणार ऑगस्टच्या शेवटी नाही तर सप्टेंबरात, आणि स्वातंत्र्ययुद्धाचा धडा यायला नाताळ जवळ येतो. तोवर शिबिरातल्या कागदांची फाइल कपाटात तळाला गेलेली असते. प्राध्यापकांशी संपर्क तुटलेला असतो. तास बिघडला तर विचारायचे कोणाला?

दुसरी अडचण, हे शिक्षक कोण आहेत ही. टेक्सासमध्ये १८७७ पर्यंतचा अमेरिकेचा इतिहास आठवीत येतो आणि हायस्कूलचा अभ्यासक्रम १८७७ नंतर सुरू होतो. कॅलिफोर्नियात वसाहतींचा काळ पाचवीत, राज्यघटना आणि पुढचे आठवीत, अकरावीत विसावे शतक. म्हणजे आरंभीच्या अमेरिकेचा भार मुख्यतः दहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षकांवर आहे. त्यातही पाचवीच्या बाई सकाळी अपूर्णांक शिकवतात, दुपारी वनस्पतींचे भाग आणि उरलेल्या वेळात जेम्सटाउन ही इंग्रजांची आरंभीची वसाहत. वाचन आणि गणित यांच्या वार्षिक चाचण्या २००२ च्या कायद्याने सक्तीच्या झाल्या, तेव्हापासून हा ‘उरलेला वेळ’ आणखी आक्रसला. देशपातळीच्या २०२२ च्या चाचणीत आठवीतली फक्त १३ टक्के मुले इतिहासात ‘प्रवीण’ किंवा त्याहून वरच्या पातळीवर आली. या आकड्यावर गळा काढणारे पुष्कळ भेटतात. पाचवीच्या बाईंना वर्षात इतिहासाचे किती तास मिळतात, हे विचारणारे कमी.

पैसा ओतून पाहिलेला आहे. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये संघराज्याची एक अनुदान योजना सुरू झाली, खास अमेरिकेच्या इतिहासाच्या शिक्षकांसाठी. शाळा-जिल्ह्याने विद्यापीठ, संग्रहालय किंवा ग्रंथालय जोडीला घ्यायचे आणि प्रकल्प चालवायचा. दहा-अकरा वर्षांत हजाराच्या घरात अनुदाने आणि जवळपास १ अब्ज डॉलर खर्च झाले. चांगले हे झाले की पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे पाठ करून बसलेले प्राध्यापक आणि शाळामास्तर एका खोलीत आले. पण खोलीतली मांडणी ठरीव होती. सकाळी प्राध्यापकांचे व्याख्यान, मग जेवण, मग दुपारी ‘अध्यापनाच्या युक्त्या’ सांगायला दुसरेच कोणी. सकाळच्या माणसाला दुपारचे ठाऊक नाही, दुपारच्याला सकाळचे. शेवटी अभिप्रायाचा अर्ज: कार्यक्रम कसा वाटला? छान वाटला. मुलांना काय आले याचे पुरावे इतके विस्कळीत होते की २०११ च्या सरकारी मूल्यमापनाला ठाम निष्कर्ष काढता आला नाही. पुढच्याच वर्षी पैसा थांबला तेव्हा योजनेच्या बचावाला पुढे करावे असे काही कोणाच्या हातात नव्हते.

आणि आता तोच खेळ पुन्हा. एप्रिल २०२५ मध्ये मानव्यविद्या निधीची अनुदाने घाऊक रद्द झाली, त्यात शिक्षकांचे वर्गही गेले. त्याच वर्षी शिक्षण खात्याने स्वातंत्र्याच्या २५० व्या वर्षाच्या निमित्ताने इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या चर्चासत्रांना १५ कोटी डॉलरच्या वर रक्कम दिली. एका हाताने काढले, दुसऱ्याने दिले. सूर बदलला, साचा तोच. देशभक्तीचे व्याख्यान असो की देशाच्या पापांचे, ऐकणारा शिक्षक दोन्हीकडे सारखाच हाताची घडी घालून बसलेला असतो.

वर्षभराचे प्रशिक्षण परवडणारे नाही, असे म्हणणाऱ्यांनी परवान्याचे नियम वाचावेत. न्यूयॉर्कमध्ये शिक्षकाला पाच वर्षांत १०० तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते, टेक्सासमध्ये १५०, पेनसिल्व्हेनियात १८०. म्हणजे वर्षाला २० ते ३६ तास आजही जातातच, फक्त तुकड्यातुकड्यांनी. दोन तास नव्या सॉफ्टवेअरचे, तीन तास वर्गशिस्तीचे, एक वेबिनार कॅमेरा बंद ठेवून. अमेरिकी शिक्षण खात्यासाठी २००७ मध्ये झालेल्या एका आढाव्यात तेराशेहून अधिक अभ्यास चाळले गेले आणि कसोटीला उतरले फक्त नऊ. त्यांत १४ तासांपर्यंतच्या प्रशिक्षणाचा मुलांवर परिणाम दिसला नाही; परिणाम दिसला तो सरासरी ४९ तासांच्या कार्यक्रमांचा. हे नऊही अभ्यास गणित, विज्ञान आणि वाचनाचे आहेत, इतिहासाचे नाहीत, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. तरी तुकडे जोडण्याच्या बाजूने एवढे पुरे.

वर्षाला ३० तास धरू. ऑगस्टमध्ये दोन दिवस, मिळून १२ तास. मग ऑक्टोबर ते मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तीन-तीन तासांच्या सहा बैठका. शिक्षक वीस, एकाच जिल्ह्यातले, आणि एका शाळेतून किमान दोघे. एकटा आलेला शिक्षक परत जाऊन एकटाच पडतो. इतिहासाचा एक अभ्यासक आणि वर्गात मुरलेला एक शिक्षक, दोघे सगळा वेळ एकाच खोलीत. खर्चाची मोठी बाब बदली शिक्षकांची: सहा अर्धे दिवस गुणिले वीस, म्हणजे ६० पूर्ण दिवस. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर घालावा. शेवटच्या ओळीवर घातला की फेब्रुवारीत मुख्याध्यापकांचा निरोप येतो, ‘बदली माणूस नाही, या वेळी जमणार नाही.’ मार्च-एप्रिलनंतर चाचण्यांचा हंगाम, तेव्हा तर बैठक ठेवूच नये.

आणि वर्षभरात कागद फक्त तीन. इथे अभ्यासकांचा जीव तुटतो. अठराव्या शतकावर आयुष्य घालवलेल्या माणसाला तीन कागदांत काय सांगणार? पण कार्यक्रम बिघडतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी. एका तासाला सहा कागद दिले की मुले एकही वाचत नाहीत; शिक्षक सारांश सांगतो आणि आपण आपला व्याख्यानाकडे परत.

लेक्सिंग्टनचेच घ्या. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे गावची मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांचीच सशस्त्र तुकडी, आणि ब्रिटिश पलटण समोरासमोर आली, गोळीबार झाला, गावची आठ माणसे मेली. पहिली गोळी कोणाची, हे आजतागायत ठरलेले नाही. कागद दोन. एक, मिलिशियातल्या ३४ जणांनी २५ एप्रिलला शपथेवर दिलेली एकत्रित जबानी: आम्ही पांगत होतो, फौजेकडे पाठ होती, तेव्हा आमच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसरा, ब्रिटिश अधिकारी जॉन बार्कर याची रोजनिशी: आम्ही जवळ येताच त्यांनी एक-दोन गोळ्या झाडल्या, त्यावर आमची माणसे हुकूम नसताना त्यांच्यावर धावून गेली.

इतिहास कसा शिकला जातो याचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ च्या अभ्यासात लेक्सिंग्टनच्याच कागदांवर आठ इतिहासकार आणि आठ हायस्कूलची मुले बसवली आणि वाचता वाचता मनात येईल ते मोठ्याने बोलायला लावले. इतिहासकार आधी बघत की लिहिले कोणी, कधी, कशासाठी. मुले पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सरळ वाचत जात. काही इतिहासकारांचा अमेरिकी क्रांती हा विषयसुद्धा नव्हता, तरी सवय कामी आली. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक राजवाड्यांपासून ऐकत आलेल्या मराठी वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. पण ही सवय तेरा वर्षांच्या मुलाला लावायची कशी, हा कारागिरीचा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे बारीकसारीक आहेत.

कागद २०० ते २५० शब्दांचा करावा. शब्दांची जुनी वर्णरचना बदलली तरी चालेल, वाक्याचा मथितार्थ मऊ करू नये. कठीण शब्दांचा अर्थ समासात, सहापेक्षा जास्त नाही. शेजारी मूळ पानाचे छायाचित्र असावे, नाही तर एफसारखा दिसणारा लांब एस मुलांना कधी भेटतच नाही. पार्श्वभूमीला सहा मिनिटे. इथे बहुतेक शिक्षक घसरतात. सहाची वीस होतात आणि मग कागद घरी वाचायला दिला जातो. फळ्यावरचा प्रश्नही नीट निवडावा. ‘पहिली गोळी कोणी झाडली?’ हा प्रश्न मुलांना आवडतो खरा, पण त्याला उत्तर नाही. तासाच्या शेवटी मुले ‘मग खरे काय?’ म्हणून शिक्षकाच्या तोंडाकडे बघतात आणि शिक्षक काहीतरी सांगून मोकळा होतो. ‘कोणत्या जबानीतल्या कोणत्या वाक्यावर भरवसा ठेवाल, आणि का?’ हा प्रश्न रुक्ष दिसतो, पण चालतो.

मग येतो नेहमीचा खड्डा. आठवीतला कोणी तरी हात वर करतो, ‘बार्कर ब्रिटिश आहे, म्हणजे पक्षपाती.’ वर्ग मान हलवतो. दोन मिनिटांत दोन्ही साक्षीदार पक्षपाती ठरतात आणि चर्चा संपते. प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ घालवावा तो या एका क्षणावर. पक्षपाती साक्षीदारही कुठे विश्वासार्ह ठरतो, हे विचारायला शिक्षकाला शिकवावे लागते. बार्कर ‘हुकूम नसताना’ असे लिहितो, म्हणजे स्वतःच्या पलटणीची बेशिस्त कबूल करतो. हे वाक्य त्याच्या बाजूला गैरसोयीचे, म्हणून वजनदार. उलट चौतीस माणसांनी एकाच शब्दांत एकच गोष्ट पाहिली असेल का? जबान्या घेतल्या कशासाठी? ब्रिटिश सेनापती जनरल गेजचा अहवाल पोहोचण्याआधी त्या लंडनला पोहोचाव्यात म्हणून सेलमच्या जॉन डर्बीला ‘क्वेरो’ जहाज देऊन पाठवले आणि तो खरोखरच मेअखेर, गेजच्या आधी पोहोचला. हा एवढा तपशील शिक्षकाच्या खिशात असला की वर्ग पुन्हा जागा होतो. शिक्षकाचे विषयज्ञान कच्चे असताना निव्वळ ‘युक्त्या’ शिकवून भागत नाही, ते यामुळे. जहाजाची गोष्ट ठाऊक नसलेला शिक्षक ‘पक्षपाती’ या शब्दापाशीच अडतो. व्याख्यान हवेच, फक्त ते कागदाच्या ज्या जागी वर्ग अडतो त्या जागेला चिकटलेले हवे.

परतीच्या बैठकीला प्रत्येकाने तीन पाने आणावीत: एक चांगले, एक मध्यम, एक जिथे मूल अडकले ते. अट घातली नाही तर सगळे चांगलेच आणतात. अभ्यासकाने पहिला अर्धा तास तोंड मिटून पाने वाचावीत. हे सांगायला सोपे, पाळायला महाकठीण. वर्षाच्या आरंभीची ६० आणि शेवटची ६० पाने, नावे आणि तारखा झाकून, दोघा बाहेरच्या वाचकांकडून तपासून घ्यावीत. एवढे केले तरी ‘कार्यक्रम कसा वाटला’पेक्षा बरेच पुढचे काहीतरी हाती लागते.

चित्रांबद्दल थोडक्यात. बोस्टनमध्ये ५ मार्च १७७० रोजी सैनिकांच्या गोळ्यांनी पाच जण मेले, त्याचे पॉल रिव्हिअरने केलेले छापचित्र सगळीकडे लावलेले दिसते. सैनिक सरळ ओळीत, मागे तलवार उगारलेला कॅप्टन प्रेस्टन, वर पाटी ‘कसाईखाना’. रचना हेन्री पेलमची, रिव्हिअरने उचललेली. खटल्यात प्रेस्टन सुटला. आठ सैनिकांपैकी सहा सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला. वकील होता जॉन अ‍ॅडम्स. हे चित्र प्रसंगाची सजावट म्हणून लावायचे की प्रचाराचा पुरावा म्हणून वाचायचे, एवढाच प्रश्न. तीनपैकी एक कागद म्हणून ते उत्तम.

राजकारणाचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२१ पासून अनेक राज्यांनी वंश आणि इतिहास कसा शिकवावा यावर कायदे केले आहेत. सँडीची जाहिरात वर्गात नेण्याआधी शिक्षक आता दोनदा विचार करतो. प्रशिक्षणवाले यावर धैर्याची भाषणे देतात. नोकरी मात्र शिक्षकाची जाते. उपयोगी पडते ते दप्तर. मूळ कागदाचे छायाचित्र आणि तो कुठे पाहता येतो याची नोंद (‘व्हर्जिनिया गॅझेट’चे अंक कलोनियल विल्यम्सबर्गने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत), संक्षिप्त प्रत, फळ्यावरचा प्रश्न आणि राज्याच्या अभ्यासक्रमातला कलम-क्रमांक, एवढे एका फाइलमध्ये असावे. पालकाचा ईमेल आला की शिक्षकाने मत मांडत बसण्याऐवजी ही फाइल पुढे करावी. ‘जेफरसन दुटप्पी होता’ हे शिक्षकाचे मत आहे आणि त्यावर तक्रार होऊ शकते. २, ४ आणि १० पौंड हे जेफरसनचे स्वतःचे आकडे आहेत.

अभ्यासकाने भूगोलही थोडा ताणावा. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या चहा बुडवला गेला. तो चीनचा चहा, ईस्ट इंडिया कंपनीचा. बंगालच्या दुष्काळानंतर कंपनी कर्जात बुडाली होती, आणि तिला सावरण्यासाठी पार्लमेंटने ज्या वर्षी चहाचा कायदा केला त्याच वर्षी कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कारभाराला लगाम घालणारा रेग्युलेटिंग अ‍ॅक्टही केला. लेक्सिंग्टनच्या महिनाभर आधी, मार्च १७७५ मध्ये, रघुनाथरावाने मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. यॉर्कटाउनच्या लढाईत १७८१ मध्ये हरलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस अमेरिकी धड्यातून तिथेच बाहेर पडतो. १७८६ मध्ये तो कलकत्त्याला गव्हर्नर-जनरल म्हणून उतरतो आणि पुढे टिपूविरुद्ध मराठे त्याच्या बाजूने लढतात. न्यू जर्सीतल्या वर्गात बसलेल्या मराठी घरातल्या मुलीला हा दुवा कोणी दाखवला, तर चहाच्या पेट्या तिला परक्या राहणार नाहीत. पण हेही चौथा कागद म्हणून नको, शिक्षकाच्या खिशातला तपशील म्हणूनच असू द्यावे.

आता सँडीचा कागद दुसऱ्यांदा शिकवताना काय बदलायचे, ते बघा. पहिल्या वेळी हमखास एकच होते: मुलांची नजर तळाच्या नावावर जाते आणि तास जेफरसनचा होऊन बसतो, सँडी, त्याचा डावा हात, त्याची हत्यारे सगळे बाजूला पडते. आणलेल्या पानांत हे स्वच्छ दिसते, कारण साठपैकी बहुतेक पानांची सुरुवात ‘जेफरसन’ या शब्दाने झालेली असते. म्हणून दुसऱ्या वेळी कागदाचा तळाचा एक इंच दुमडून द्यायचा. आधी लेखक बघा या नियमाला हा अपवाद वाटेल, पण वर्तमानपत्र, तारीख, आणि लिहिणारा मालक आहे ही गोष्ट, तिन्ही उघडीच असतात. झाकायचे ते फक्त नाव. मुलांनी बक्षिसाची बेरीज-वजाबाकी करावी, सँडी कोणत्या वाटेने गेला असेल ते नकाशावर बोटाने दाखवावे, हत्यारांबद्दल दोन ओळी लिहाव्यात. तास संपायला सात मिनिटे राहिली की घडी उघडायची.